फरशीबाबा आणि बद्रुद्दीनची कंबर

बद्रुद्दीनला लोक तोंडावर बद्रूभाई म्हणत आणि पाठीमागे बैलगाडी. दोन्ही नावं त्याला ठाऊक होती, आणि दुसऱ्याचा त्याला फारसा रागही नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की बैलगाडी बराबर पोचते ना? मग झालं तर.

शिरड शहापूरच्या एका आडत्याची जुनी लॉरी तो चालवायचा. बाजाराच्या दिवशी आडरस्त्यावरच्या वाड्या-तांड्यांवरून माणसं आणि माल गोळा करत हट्ट्याला जायचं, हे त्याचं काम. खाली हळदीची पोती, पोत्यांवर माणसं आणि माणसांच्या मांडीवर कोंबड्या. पावसाळ्यात त्या रस्त्याला दुसरी कुठलीच मोटार लागत नसे, म्हणून लोक त्याच्याच लॉरीत बसत आणि बसल्या बसल्या त्यालाच शिव्या देत. कारण काळ्या मातीवर चार थेंब पडले, की हा गडी लॉरी रस्त्याच्या मधोमध धरून असा चाले की समोरून येणाऱ्या बैलांना कंटाळा यावा. दुसरे ड्रायव्हर उतार दिसला की डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडत. हा उतारावर उलट गिअर खाली आणायचा. चिखलात ब्रेकला पाय लावायचा नाही, पाण्यात गिअर बदलायचा नाही, आणि पाण्यातून बाहेर पडलं की ब्रेक हलके हलके दाबत फर्लांगभर जायचं, म्हणजे ते वाळतात. ते वाळेपर्यंत मागच्यांची हाडं खिळखिळी होत. एकदा एक नवरदेव मागून ओरडला होता, “भाऊ, माझं लगीन यंदाचंच हाय!” बद्रुद्दीन म्हणाला, “तवाच तर हळू नेतोय.”

हे सगळं त्याला शिकवलं नासेर उस्तादानं. उस्ताद म्हणजे त्या भागातला एक नंबरचा ड्रायव्हर. डोळे झाकून लॉरी गोठ्यातसुद्धा घालील, असा. त्याचं एक सांगणं होतं: पाण्याला विचारल्याशिवाय चाक घालायचं नाही. आधी खूण बघायची, मग काठी घेऊन स्वतः चालून बघायचं, आणि मगच गाडी. आणि असं सांगणारा हाच उस्ताद एका श्रावणात, लॉरीतल्या वऱ्हाड्यांनी ‘चला, चला, घोट्याएवढं तर पाणी हाय’ असा धोशा लावला म्हणून न बघता ओढ्यात उतरला. उस्ताद सापडला दुसऱ्या दिवशी, बाभळीत अडकलेला. वऱ्हाडातल्या काही बायका तर सापडल्याच नाहीत. बद्रुद्दीन त्या दिवशी तापानं घरी निजला होता. तेव्हापासून त्याला स्वतःच्या मरणाची भीती कमी आणि मागे बसलेल्यांची जास्त वाटू लागली. एक दिवस आपल्या हातूनही असंच होईल, ही धास्ती त्याच्या पोटात घर करून बसली होती. तोंडानं तो कधी बोलला नाही, पण ओढा जवळ आला की त्याचे तळहात ओले होत.

ओढ्यावर फरशी होती, म्हणजे पुरात पाणी वरून जाणारा बुटका पूल. ती दुष्काळी कामातली. बहात्तरच्या दुष्काळात सगळा मुलूख खडी फोडत होता, तेव्हा सरकारनं ही फरशी बांधून घेतली. ज्या साली ओढ्यात पाणी नव्हतं, त्या साली पाण्यावरची फरशी बांधली. मग ती किती उंच हवी हे कुणाला कळणार? पुढं दोन पावसाळे बरे झाले आणि फरशी दर दोन दिवसांनी पाण्याखाली जाऊ लागली. तेव्हा रस्त्याच्या गँगवर काम करणाऱ्या रामजीनं फरशीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेखालच्या उतारात एक उभा दगड पुरला आणि त्याला चुना फासला. बद्रुद्दीननं रामजीला विचारून, फरशीवर काठी टेकून माप काढलं, आणि दगडाच्या माथ्यापासून वीतभर खाली डांबराची एक रेघ ओढली. पाणी रेघेखाली असलं तर जायचं. रेघेला लागलं तर विडी पेटवायची आणि ओसरायची वाट बघायची. सोपं काम होतं. त्यात देवाधर्माचा कुठं संबंधच नव्हता.

पण दगड होता रस्त्याच्या पातळीखाली. रेघ बघायची तर पार कमरेत वाकावं लागे. आणि बद्रुद्दीनच्या कमरेत, एकदा स्टेपनी उचलताना भरलेली उसण कायमची मुक्कामाला होती. तो वाके, बोटानं रेघ चाचपे, आणि उठताना कळ आली की ‘या अल्लाह’ म्हणे. मग कपाळावरचा घाम किंवा पाऊस, जे असेल ते, त्याच हातानं पुसे.

आता हे मागं लॉरीत बसलेल्यांना कसं दिसलं असेल ते बघा. ओढा आला की ड्रायव्हर उतरतो, एका दगडापुढं वाकतो, दगडाला हात लावतो, देवाचं नाव घेतो आणि हात कपाळाला नेतो. मग गाडी सुखरूप पार होते. आणि ज्या दिवशी तो वाकून मान हलवत परत येतो, त्या दिवशी गाडी जात नाही आणि तासाभरानं खरोखरच पूर येतो. लोकांना आणखी काय पुरावा पाहिजे? पुढच्या पोळ्याला दगडावर एक नारळ फुटला. दिवाळीपर्यंत शेंदूर लागला. ओढ्यापलीकडच्या वाडीत चहाचं हॉटेल चालवणारा मुंजाजी येईल त्याला सांगू लागला, “अहो, मुसलमान मानूस, पर दर खेपेला डोकं टेकवल्याबिगर चाक हलवत न्हाई. जागृत असल्याबिगर का?” त्यानंच नाव ठेवलं, फरशीबाबा.

बद्रुद्दीन गोंधळून गेला. त्यानं मुंजाजीला चहा पिता पिता नीट समजावलं, “मी पानी बघतो, भाऊ. पाया पडत न्हाई.”

“व्हय, व्हय,” मुंजाजी डोळा मिचकावून म्हणाला, “तुमच्यात चालत न्हाई, मला ठावं हाय. आमी कुनाला सांगत न्हाई.”

आणि त्यानं ते सगळ्या पंचक्रोशीत सांगितलं. घरी जुलेखा, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, “लोगां बोल रैं, तुमे पत्थर के आगे झुकते. सच है क्या?” तो म्हणाला, कमर झुकती है, मैं नहीं झुकता. हे उत्तर त्याला बोलण्याआधी चांगलं वाटलं होतं, बोलल्यावर वाटलं नाही. जुलेखानं भाकरी जरा जोरात तव्यावर टाकली. शुक्रवारी मशिदीत एका बुजुर्गानंही त्याला बाजूला घेऊन तेच विचारलं. आपण दर खेपेला नेमकं काय करतो, याचा बद्रुद्दीनला पहिल्यांदाच विचार पडला. वाकतो तर खरं. हात लावतो तर खरं. अल्लाचं नावही घेतोच. मग करत नाही ते काय?

त्यातल्या त्यात एकच माणूस त्याच्या बाजूनं होता, तो म्हणजे रामजी. पण तो बौद्ध झालेला, देवाच्या बाबतीत त्याचं कोण ऐकणार? तो म्हणे, “बद्रूभाई, मी पुरलेला दगड. त्यात काय हाय ते मला ईच्यारा. चुना हाय.” आणि दोघं हसत. पण हसून रेघ थोडीच दिसते? शेंदराचे इतके थर चढले, की डांबर त्याखाली गडप झालं. खरवडायची बद्रुद्दीनची हिंमत नव्हती. मग त्यानं तोड काढली. वाकून दगडाच्या माथ्यावर अंगठा ठेवायचा, वीत पसरायची, करंगळी टेकेल तिथं रेघ. पाणी करंगळीला लागलं तर थांबायचं. लॉरीतल्या बाया एकमेकींना सांगू लागल्या, “आता तर बाबाच्या डोक्यावरून हात फिरवतो. जीव जडला त्याचा.”

दगडाचं माप कधी चुकलं नाही, आणि तिथंच बद्रुद्दीनचं चुकलं. उस्तादानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या, खूण बघणं आणि चालून बघणं. दगड इतका इमानी निघाला, की कमरेचं निमित्त करून त्यानं चालणं हळूहळू सोडलं. काठी सीटमागं पडून राहिली आणि तिच्यावर जुलेखानं दिलेला डबा अडकू लागला.

त्या भादव्यात लॉरीचा गिअरबॉक्स बसला. नांदेडला मिस्त्रीकडं ती उघडून पडली आणि तिच्याबरोबर बद्रुद्दीनही तिथंच पडून राहिला. तो परत आला तोच बाजाराच्या दिवशी. सकाळपासून आभाळ फाटल्यासारखं ओतत होतं. तांड्यावर थोडी माणसं चढली, पुढच्या वाडीवर आणखी चढली. जिवनबाई केबिनमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसली. ही तांड्यावरची म्हातारी. बाजारात तूप विकायची आणि रस्ताभर बद्रुद्दीनला उपदेश फुकट द्यायची. तो तिला मावशी म्हणे. आज मात्र ती गप्प होती, आणि एकदोनदा तिनं त्याच्याकडं चोरून पाहिलं.

ओढ्यापाशी आले, तर ओढा कुठं सुरू होतो तेच कळेना. शेतांतलं पाणीही रस्त्यावरून वाहत होतं. सगळा चहाच्या रंगाचा गढूळ पसारा. पलीकडच्या तीरावर मुंजाजी आणि वाडीतली काही माणसं पोतं डोक्यावर घेऊन उभी होती आणि जोरजोरात हात हलवत होती. काहीतरी ओरडतही होती, पण पाण्याच्या आवाजापुढं काही पोचत नव्हतं.

“बोलावू राहिले,” मागून कुणीतरी म्हणालं. “चला, भाई. पलीकडचे बोलावू राहिले.”

बद्रुद्दीन उतरला. दगड दिसत होता. ते बघून त्याला हायसं वाटलं. लाल माथा, लाल पोट, आणि पाणी कुठं तर थेट बुडाशी. त्यानं हात लांबवून अंगठा माथ्यावर ठेवला, वीत पसरली. करंगळी कोरडी. पाणी त्याच्याही खाली हातभर होतं. असं असेल तर फरशीवर घोटाभरसुद्धा पाणी नसायला हवं.

पण कान दुसरंच सांगत होते. घोटाभर पाणी खळखळ करतं, आणि हे पाणी खालच्या सुरात घुमत होतं, जात्यासारखं. तो घुटमळला. पुन्हा वीत घातली. करंगळी पुन्हा कोरडी. डोळ्यांवर विश्वास ठेवावा की कानांवर? नांदेडला मिस्त्रीच्या ठोकाठोकीनं कान बिघडले असतील. की वयच झालं? दगडानं आजवर एकदाही दगा दिला नव्हता. कानांनी दिला होता, कितीदा तरी.

“बाबानं पाय दाखवले!” मागून एकजण ओरडला. “अजून काय पायजे?”

“बाजार उठंल, भाई!”

“बैलगाडी बरी हिच्यापरीस!”

त्याला काठीची आठवण झाली. पण दगड उघडाबोडका समोर उभा असताना पाण्यात काठी घेऊन उतरायचं, म्हणजे मागची माणसं वर्षभर हसणार. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच ते मूर्खपणाचं वाटलं. तो केबिनमध्ये चढला. तळहात पुसले. पहिला गिअर टाकला आणि पुढची चाकं पाण्यात घातली.

“देवापुढं ताठपना बरा न्हाई, बद्रू,” जिवनबाई एकदम म्हणाली. ती इतका वेळ गप्प होती ती यासाठीच. “रुसलास व्हय? तुला बोलावलं न्हाई म्हणून?”

“कशाला बोलावलं न्हाई?” त्यानं समोर बघतच विचारलं.

“आज वाकला न्हाईस तू. मी बघून राहिले की. उभ्या उभ्या हात लावून आलास.”

बद्रुद्दीनचा पाय आपोआप क्लचवर गेला. खरंच, आज कंबर दुखली नव्हती. आज त्याच्या तोंडून ‘या अल्लाह’ निघालं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या दगडाला तो उभ्यानं कधी पोचला नव्हता, आणि आज पोचला.

“मावशी,” तो म्हणाला, “दगड वर कसा आला?”

“वर न्हाई तर काय! देव दर पावसाला पान्यात बुडतो, बरं दिसतं का ते? मुंजाजीनं वर्गनी केली. दगड काढला, खाली चांगला मांडीएवढा ओटा बांधला आन त्याच्यावर बसवला बाबाला. भंडारा बी झाला. तू नांदेडला गेल्तास, मग तुला कोन बोलावनार? त्याचा राग धरून देवापुढं ताठ ऱ्हायचं का?”

मांडीएवढा ओटा. आणि तो ओटा आत्ता सगळाच्या सगळा पाण्याखाली होता.

बद्रुद्दीननं ब्रेक दाबला नाही. चिखलात, पाण्यात ब्रेक दाबायचा नाही, हे अशा वेळीही त्याच्या पायाला आठवलं. त्यानं लॉरी थांबू दिली, उलटा गिअर टाकला आणि हळू, अगदी हळू मागं घ्यायला लागला. मागची चाकं चिखलात गरगरली. लॉरी बाजूला सरकली. पाण्यानं पुढचं तोंड ढकलायला सुरुवात केली होती. “उतरा!” तो ओरडला, “मागनं उतरा समदे, आन वढा!” लोकांना काही कळलं नाही, पण त्याचा तो आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, म्हणून ते उतरले. पोतं चाकाखाली घातलं, दोर बांधला, शिव्या दिल्या आणि ओढलं. एवढ्या गोंधळात लॉरी एकदाची कोरड्यावर आली, आणि जिवनबाई तुपाचं गाडगं पोटाशी धरून आत तशीच बसून होती.

मग बद्रुद्दीननं सीटमागची काठी काढली. तोच दोर कमरेला बांधून चौघांच्या हाती दिला आणि तो पाण्यात उतरला. चार-सहा पावलांत पाणी कमरेला लागलं. तो दोर ताणून आणखी थोडा पुढं सरकला आणि काठी पुढं टेकवली. काठी टेकलीच नाही. खाली फरशीच नव्हती.

पलीकडं मुंजाजी अजून हात हलवत होता. आता सगळ्यांना कळलं, की तो बोलावत नव्हता.

पाणी उतरल्यावर रामजी पहार घेऊन आला. फरशीचे मधले दोन तुकडे वाहून गेले होते. त्यानं खड्ड्याकडं पाहिलं, मग बद्रुद्दीनकडं पाहिलं, आणि दोघांपैकी कुणीच हसलं नाही. बद्रुद्दीन काठावर बसून राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं बाभळीत अडकलेला उस्ताद होता, आणि आज आपण त्याच्याइतकेच न बघता उतरलो, हे काही केल्या मनातून जाईना. उस्तादाला निदान लोकांनी घाई केली होती. आपल्याला तर आपल्याच मापानं फसवलं. आणि मापाला देव केला तो आपल्याच कमरेनं.

लोकांचा हिशेब मात्र त्याच दिवशी लागला होता. बाबा जिवनबाईच्या तोंडून बोलले. तिला आता लॉरीत पुढची जागा कायमची मिळाली आणि तिच्या तुपालाही मान आला. बद्रुद्दीननं तिला एकदा शेवटचं समजावून पाहिलं.

“मावशी, तो दगड म्हंजे माप व्हतं. पान्याचं माप. तुमी उचलून वर ठेवला म्हणून तर मी फसलो.”

“आसंल,” जिवनबाई म्हणाली. “पर तुला थांबवलं कोनी?”

“तूच की.”

“मी कवा थांब म्हनले? मी तर रागावले तुझ्यावर. मला काय ठावं पान्याचं?”

तिला पाण्याचं ठाऊक नव्हतं. त्याला ओट्याचं ठाऊक नव्हतं. मुंजाजीला मापाचं ठाऊक नव्हतं. आणि तरी सगळे वाचले. हे त्यानं उलटसुलट करून पाहिलं, रात्री जुलेखालाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, “घरको आए ना? बस.” त्या दिवसापासून दगडाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

फरशी दुरुस्त झाली तेव्हा बद्रुद्दीननं मुंजाजीपुढं हात जोडले. बाबा वरच राहू देत, पण खाली जुन्या जागी दुसरा दगड पुरू द्या, आणि त्याला कुणी हात लावू नका. मुंजाजीला ते पटलं. त्याचं म्हणणं पडलं, की बाबांना पायरी पाहिजेच होती. रामजीनं दगड पुरला, चुना फासला, बद्रुद्दीननं रेघ ओढली. काठीही सीटमागून निघून दाराशी आली आणि डब्याला दुसरी खुंटी मिळाली. यापुढं रेघ काहीही सांगो, तो चालून बघितल्याशिवाय चाक घालणार नव्हता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, ओढ्यात फरशी न्हाऊन निघेल इतकंच पाणी. तरी तो उतरला. नव्या दगडावर कुणीतरी आधीच हळदीचं बोट लावून ठेवलं होतं, रेघेच्या बरोबर वर. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मग तो वाकला. कमरेत कळ आली, आणि ती आली म्हणून त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “या अल्लाह,” तो म्हणाला. रेघ बोटानं चाचपली. कोरडी होती.

उठताना त्याचा हात सवयीनं कपाळाकडं गेला आणि तिथंच थबकला. पाऊस नव्हता. घामही आलेला नव्हता. मागं लॉरीतली सगळी माणसं माना उंचावून बघत होती. हा सलाम नासेर उस्तादाला होता, की पाण्याला, की आणखी कुणाला, हे त्याचं त्यालाच कळेना. पण गेलेला हात त्यानं मागं घेतला नाही. मग काठी उचलली आणि पाण्यात चालायला लागला.